नमस्कार ठेवला, निगा सोडली

तुमचे तीन प्रश्न मी आधी कागदावर उतरवून घेतले, कारण तिसऱ्याचं उत्तर पहिल्या दोहोंशिवाय देता येत नाही. पहिला: निसर्गाची काळजी हा हिंदू धर्माचा खरोखर भाग आहे, की हल्ली पर्यावरणाचा विषय मोठा झाला म्हणून आपण जुन्या श्लोकांना तो चिकटवतो? दुसरा: भाग असेल, तर ज्या नद्यांना आई म्हणतो त्यांची ही दशा का? आणि तिसरा: जुळे सोलापुरातल्या तुमच्या सोसायटीने गणपती मंदिराभोवती आणि मागच्या मोकळ्या माळावर मिळून ४० झाडं लावायचं ठरवलं आहे, ती कोणती असावीत?

मी सोलापुरात तीसएक वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. घरात भिक्षुकी होती. वडिलांनी मुलगी म्हणून हात आखडता घेतला नाही, मलाही संथा दिली, म्हणजे मंत्र पाठ करून घेतले. निवृत्तीनंतर मी भूमिपूजन, वास्तुशांत, श्राद्ध सांगायला जाते. तेव्हा पोथी आणि झाड, दोन्हींकडून बोलते.

पहिल्या प्रश्नाला लोक बहुधा ‘माता भूमिः पुत्रो अहं पृथिव्याः’ म्हणून उत्तर देतात. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडातलं पृथ्वीसूक्त, ६३ मंत्रांचं, त्यातलं हे वाक्य. सुंदरच आहे. पण मला त्याच सूक्तातला पुढचा एक मंत्र जास्त महत्त्वाचा वाटतो आणि प्रत्येक भूमिपूजनात मी तो यजमानाला अर्थासकट सांगते: ‘यत्ते भूमे विखनामि क्षिप्रं तदपि रोहतु । मा ते मर्म विमृग्वरि मा ते हृदयमर्पिपम् ॥’ हे भूमी, तुझं जे मी खणीन ते लवकर भरून येवो, तुझ्या मर्मावर, तुझ्या काळजावर माझा घाव पडू नये. यात खणायला बंदी नाही. शेत नांगरायचं आहे, घर बांधायचं आहे, विहीर पाडायची आहे, ऋषीला ते ठाऊक आहे. त्याची अट एवढीच आहे, की घाव भरून येईल इतकाच असावा. आता आपल्या जिल्ह्यातल्या बोअरकडे या मंत्राच्या नजरेने बघा. इथे खाली काळा पाषाण, वर्षाचा पाऊस ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास. पाषाणाच्या भेगांत जे पाणी साठायला पिढ्या लागल्या ते आपण दोन उन्हाळ्यांत उपसतो आणि बोअर आटला की शेजारी दुसरा, आणखी खोल. प्रत्येक बोअरला नारळ फोडतो. नारळाने तो घाव भरून येत नाही.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही हेच सूत्र आहे. अन्नापासून प्राणी, पावसापासून अन्न, असं चाक फिरतं, आणि देवांनी दिलेलं त्यांना परत न देता जो नुसतं भोगतो तो ‘स्तेन एव सः’, चोरच आहे. हा शब्द भगवंतांचा आहे, माझा नाही. रोजच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे, म्हणजे आपल्या ताटातला वाटा किडामुंगी, पाखरू, जनावर यांना. तुमच्या आजीने जेवणाआधी गाईसाठी घास काढून ठेवला असेल, तो त्याचाच उरलेला धागा. म्हणजे ‘चिकटवलेलं’ नाही. मात्र जुन्या माणसांना आजच्या अर्थाचं पर्यावरण माहीत होतं, असंही मी म्हणणार नाही. हवामान बदलणं, ओझोनचा थर, सजीवांच्या जातीच्या जाती नष्ट होणं, हे त्यांच्यापुढचे प्रश्नच नव्हते. त्यांच्यापुढे ऋणाचा प्रश्न होता. जगताना आपण घेत असतो, मग फेडायचं कसं?

आणि परंपरेत उलटही आहे, ते झाकून ठेवू नये. महाभारताच्या आदिपर्वात कृष्ण आणि अर्जुन अग्नीसाठी खांडववन जाळतात. पळणाऱ्या जनावरांना, पाखरांना, नागांना बाहेर पडू देत नाहीत. तक्षक त्या वेळी तिथे नव्हता म्हणून वाचला, त्याची बायको मारली गेली. त्याच वनातून वाचलेल्या मयासुराने पुढे पांडवांची सभा बांधली, आणि त्या सभेच्या वैभवाने दुर्योधनाचा जळफळाट झाला. महाकाव्य तो धूर लपवत नाही. ‘आमच्या धर्मात फक्त निसर्गपूजाच आहे’ असं कुणी म्हणालं, की मी खांडववनाची आठवण करून देते, वाद घालायला नाही, तर आपला वारसा पूर्ण वाचावा म्हणून.

दुसरी गोष्ट, वनस्पतिशास्त्राची शिक्षिका म्हणून. पिंपळ रात्रीही प्राणवायू देतो, हे मंगल कार्यालयात, शाळेच्या भाषणात, मोबाईलवर सारखं येतं. तसं नाही. प्रकाश नसला की पिंपळही इतर झाडांसारखा श्वास घेतो आणि कर्बवायू सोडतो. तुळशीतून ओझोन निघतो, हेही खरं नाही. श्रद्धेला खोट्या विज्ञानाच्या कुबड्या दिल्या, की मुलं महाविद्यालयात पोचल्यावर एक दिवस त्या कुबड्या मोडतात आणि श्रद्धाही बरोबर कोसळते. वड, पिंपळ, उंबर जपावेत याचं खरं कारण याहून मोठं आहे. ही सगळी एका कुळातली झाडं आहेत. प्रत्येकाची स्वतःची बारीक गांधीलमाशी असते. ती फळात शिरून परागीभवन करते, झाडाशिवाय ती नाही आणि तिच्याशिवाय झाडाचं बी नाही. ही झाडं सगळी एकदम फळत नाहीत. एक संपतं तेव्हा दुसरं लगडतं. म्हणून इतर झाडं रिकामी असतात तेव्हाही तांबट, बुलबुल, हरियाल, वटवाघळं यांना इथे खायला मिळतं. औदुंबराखाली दत्त बसले, अक्कलकोटला स्वामी वडाखाली बसले. त्या सावलीत आणखी किती जीव बसलेले असतात, ते एकदा वर मान करून बघा.

आता दुसरा प्रश्न. इथे जरा थांबते, कारण माझं खरं म्हणणं याच प्रश्नात आहे.

धर्मशास्त्रात कर्माचे दोन भाग सांगितले आहेत, इष्ट आणि पूर्त. इष्ट म्हणजे यज्ञ, होम, पूजा. पूर्त म्हणजे विहीर, बारव, तळं, देऊळ, अन्नदान, बाग. मत्स्यपुराणात दहा विहिरींच्या तोडीची एक बारव, दहा बारवांच्या तोडीचा एक डोह, दहा डोहांच्या तोडीचा एक पुत्र आणि दहा पुत्रांच्या तोडीचं एक झाड, असं चढतं गणित आहे. पूर्तात सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे उत्सर्ग. तळं बांधून झालं की बांधणाऱ्याने विधिपूर्वक त्यावरचा हक्क सोडायचा आणि ते पाणी सर्व भूतांना, म्हणजे माणूस, गुरं, पाखरं, सगळ्यांना अर्पण करायचं. आपल्या इतिहासाची लाज वाटावी अशी गोष्ट ही, की तोंडाने ‘सर्व भूतांना’ म्हणणाऱ्या समाजाने गुरांना पाणी पिऊ दिलं आणि माणसांना अडवलं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन तो हक्क मांडावा लागला. पूर्ताची चर्चा महाड वगळून करता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. जे पाणी सगळ्यांचं नाही ते धर्माच्या भाषेतही पुण्याचं नाही.

आपण सोलापूरकरांना पूर्त शिकायला पोथी उघडावी लागत नाही. सिद्धेश्वर मंदिरात गेलात की चारी बाजूंनी पाणी. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून हे तळं खोदलं, असं परंपरा सांगते. गावाचं नाव तेव्हा सोन्नलिगे. पाणी नसलेल्या या मुलखात त्यांना देवाकडे नेणारा रस्ता खोदकामातून दिसला. पंचक्रोशीत ६८ लिंगं स्थापली आणि माणसं कामाला लावली. (लिंगायत परंपरेतले पुष्कळ जण स्वतःला हिंदू म्हणवत नाहीत, स्वतंत्र मानतात. त्यांच्या म्हणण्याचा मान ठेवूनच मी हे उदाहरण घेते, कारण या गावात तळं सगळ्यांचंच आहे.) शून्यसंपादने या शरणांच्या, म्हणजे लिंगायत संतांच्या, संवादांच्या कन्नड ग्रंथात एक प्रसंग येतो. त्यांच्यातले ज्येष्ठ संत अल्लमप्रभू सोन्नलिगेला आले आणि त्यांनी सिद्धरामांना दगडमाती खोदणारा म्हणून हाक मारली. बाहेरच्या तळ्यात गुंतलास, आतलं कधी बघणार, असा त्यांचा रोख. शिष्य चिडले, दगड घेऊन धावले. सिद्धराम मात्र ऐकून घेतात आणि पुढे कल्याणला (कर्नाटकातल्या आजच्या बसवकल्याणला) जातात. अल्लमांचा प्रश्न मोठाच आहे, मी त्याला नाकारत नाही. पण इतक्या शतकांनंतर मे महिन्यात त्या पाण्यावरून येणारी वाऱ्याची झुळूक अंगावर घेताना मला खोदणाऱ्याचाच आधार वाटतो.

मग अशा गावात तळ्याची तब्येत का बिघडते? माझं उत्तर: आपण नमस्कार ठेवला आणि निगा सोडली. पूर्वी ज्याचं पाणी प्यायचं त्याचा गाळ काढावाच लागे. नळ आला, पाणी उजनी धरणातून यायला लागलं आणि गावाचं तळ्याशी असलेलं रोजचं नातं तुटलं. मागे उरला फक्त पवित्रपणा. आणि पवित्र हा शब्द फसवा आहे. गंगा पवित्र, म्हणून तिला काही होत नाही, ती सगळं पोटात घेते, असं आपण मनाशी धरतो. पवित्र आणि स्वच्छ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीर्थ पवित्र असूनही त्याने जुलाब होऊ शकतात. पुण्याकडच्या मुळा-मुठेचं पाणी भीमेला मिळतं, ते उजनीत येतं, तेच पुढे पंढरपूरला चंद्रभागा होतं आणि आषाढीला लाखो वारकरी त्यात उतरून ओंजळ तोंडाला लावतात. त्यांच्या भावात तसूभर खोट नाही. वरच्या गावांनी पाण्यात काय सोडलं, हा खरा प्रश्न आहे. मनुस्मृतीतलं बरंच काही मी मानत नाही. पण तिच्याच चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र, थुंकी, रक्त, विष टाकू नये असं साफ लिहिलं आहे. तिचे नको ते नियम समाजाने शतकानुशतकं पाळले आणि हा एक मात्र सोडला.

तळ्यात नेमकं काय होतं ते थोडक्यात सांगते, कारण ‘थोडं निर्माल्य टाकलं तर काय बिघडतं’ हे मला रोज ऐकू येतं. फुलं, दूध, पिठाचे गोळे, सांडपाणी, हे सगळं पाण्याला खत आहे. खत मिळालं की शेवाळ माजतं, पाणी हिरवं होतं. दिवसा हे शेवाळ प्राणवायू सोडतं, पण रात्रभर सगळेच जीव तो वापरत राहतात, आणि तळाशी कुजणारा गाळ सगळ्यांत जास्त. पहाटे सूर्य उगवण्याआधी पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. तापलेल्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून एप्रिल-मेच्या पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकतात आणि मरतात. विष कुणी टाकलेलं नसतं. भक्तीने टाकलेल्या मूठमूठ वस्तूंची ती बेरीज असते. बेलाबद्दल तर शास्त्रच सांगतं की नवा बेल मिळत नसेल तर वाहिलेला बेल धुऊन पुन्हा पुन्हा शंकराला वाहता येतो. ज्या देवाला धुतलेलं पान चालतं, त्याला प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तळ्यात फेकलेलं निर्माल्य कशाला हवं असेल? देवळाच्या मागे विटांचा खड्डा करा. निर्माल्य, सुकी पानं, थोडं शेण, वर पाणी, तीन-चार महिन्यांत खत. तेच खत बेलाला घाला.

गणपतीच्या मूर्तीचं बोलायचं तर प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात सहज विरघळत नाही आणि रंगांतून जड धातू उतरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनांत प्लास्टरच्या मूर्तीला जागा नाही. शाडूची, वीतभर, आणि विसर्जन बादलीत. ती माती कुंडीत. पार्थिव पूजा म्हणजे मातीची पूजा, हा त्या शब्दाचाच अर्थ आहे.

पूर्ताची आणखी दोन ठिकाणं आपल्याच जिल्ह्यात आहेत. करमाळ्याला कमलादेवीच्या देवळाजवळची ९६ पायऱ्यांची विहीर पावसाळ्याच्या शेवटी जाऊन बघा. पायऱ्या उतरताना गार होत जाणारी हवा अंगाला कळते. आणि माढा तालुक्यातलं अरण, सावता माळ्याचं गाव. पंढरपूर इतकं जवळ, तरी सावतोबा मळा सोडून गेले नाहीत. ‘मोट नाडा विहीर दोरी । अवघी व्यापिली पंढरी’ असं ते म्हणाले. १२९५ साली ते गेले. मी हा अभंग किती वेळा सांगितला असेल, पण ‘विहीर’ या शब्दाशी दर वेळी आवाज अडखळतो. देव विहिरीत आहे असं मानणारा माणूस त्या विहिरीचा गाळ दुसऱ्यावर सोडत नाही.

आता तुमची ४० झाडं.

मागच्या माळावर एकही झाड लावू नका, अशी माझी विनंती आहे. मलाही हे उशिरा कळलं. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. मी विद्यार्थ्यांना घेऊन शहराबाहेरच्या एका माळावर दोनशे खड्डे खणले होते. मेंढरं घेऊन चाललेले एक म्हातारे धनगर बाबा उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘बाई, गवत मारून झाडं कशापायी लावताय?’’ मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, रागही आला. पुढे सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर जाऊन माळ वाचायला शिकले, तेव्हा त्यांचं म्हणणं पटलं. पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांचं माळरान ही ओसाड पडीक जागा नव्हे. सोलापूरचं जंगल म्हणजे तेच. काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल यांचं घर. माळढोकासाठी १९७९ मध्ये इथे अभयारण्य झालं. हा पक्षी उघड्या जमिनीवर घालतो बहुधा एकच अंडं आणि लांबवर नजर पोचेल अशी मोकळी जमीन मागतो. माळावर दाट झाडी उभी केली की त्याचं घर गेलंच. आज तो इथे दिसणंच दुर्मीळ झालं आहे.

वृक्षपूजेची सवय झालेल्या आपल्या मनाला गवत देवाचं वाटत नाही, पण गणपतीला दूर्वा लागते, श्राद्धात दर्भाशिवाय पान हलत नाही, ही दोन्ही गवतंच आहेत. बिरोबा, खंडोबा, हुलजंतीचे महालिंगराया, हे माळावर मेंढरांमागे चालणाऱ्यांचे देव. त्यांच्या भक्तांनी माळ चराईने राखला. तुमचा माळ लहान असेल, तरी त्यावर मुरूम, राडारोडा पडू देऊ नका, वेडी बाभूळ मुळासकट काढा, उन्हाळ्यात पेटवू देऊ नका. त्याची सेवा एवढीच.

मंदिराभोवती ४० नकोत, बारा लावा आणि बाराच्या बारा जगवा. वड-पिंपळ भिंतीपासून किमान चाळीस फूट दूर मिळत असेल तरच, नाहीतर मुळं पाया उचलतात आणि दहा वर्षांनी कुणीतरी कुऱ्हाड आणतं. माझी यादी अशी: दोन बेल, दोन कडुनिंब, एक उंबर (सांडपाण्याच्या बाजूला, त्याला ओल चालते), एक कवठ, एक बोर, दोन करंज, एक आवळा, एक आपटा आणि एक शमी. शमी घेताना जपा. रोपवाटिकेत दुसरंच काटेरी झाड शमी म्हणून गळ्यात मारतात, तसंच आपट्याच्या जागी कांचन देतात. आपट्याचं पान लहान आणि जाड, कांचनाचं मोठं आणि मऊ. आपटा लावल्यावर दसऱ्याला त्याच्या फांद्या ओरबाडू देऊ नका, एकेक पान द्या. वटपौर्णिमेला बाजारातून वडाची तोडलेली फांदी आणून पूजण्यापेक्षा तो दोरा या बारांतल्या एखाद्याला बांधा आणि वर्षभर पाणी घाला. सावित्रीचं व्रत जिवंत झाडाजवळचं आहे.

खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. मुरूम बाहेर, काळी माती आणि कुजलेलं शेणखत आत. रोपापासून हातभर अंतरावर मातीचं बिनरंगाचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, आठवड्यातून दोनदा भरा, तोंडावर झाकण ठेवा. मडकं पाझरत राहतं आणि मुळं त्याच्याकडे वळतात. पहिले तीन उन्हाळे हे चुकवायचं नाही. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर आपल्या पावसात वर्षाला साधारण ४५ ते ५५ हजार लिटर पाणी पडतं. ते गटारात न सोडता गाळून तुमच्याच बोअरमध्ये किंवा शोषखड्ड्यात उतरवा. पृथ्वीसूक्तातला तो घाव भरून येण्याची हीच वाट आहे. प्रत्येक झाडाला सोसायटीतलं एक घर नेमून द्या आणि लावण्याच्या दिवशी छोटा उत्सर्ग करा. मी येईन, मंत्र म्हणेन. त्या घराने सगळ्यांसमोर हक्क सोडायचा आणि जबाबदारी घ्यायची, इतकाच विधी.

मृगाचा एक चांगला पाऊस पडून ओल हातभर खाली गेली की निरोप द्या. कवठाची आणि बेलाची रोपं माझ्या अंगणात तयार आहेत. मडकी मात्र कुंभाराकडे आत्ताच सांगून ठेवा, पावसाळा लागला की भट्टी बंद असते.